साबण, पट्टा आणि चिरनेरचा मिस्त्री

मंडळी, माणसाला दोन गोष्टींचा अभिमान फार लवकर चढतो. एक स्वतःच्या प्रकृतीचा आणि दुसरा स्वतःच्या मोटारीचा. आमची गाडी लहान, तीन सिलिंडरची, वयाने नातीपेक्षा मोठी. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण पुढे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता, मालकाचा होता.

यंदा पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू केली की ‘घर्रर्र’ असा आवाज येऊ लागला. प्रथम तो सौभाग्यवतींच्या कानी पडला. “अहो, कोरडं जातं फिरावं तसं काहीतरी वाजतंय,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, “फॅन बेल्ट आहे तो. पावसात ओरडतोच.” आता आमच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो, पट्ट्यावर नव्हे. तरीही डायनामो फिरवणाऱ्या त्या पट्ट्याला सगळी दुनिया फॅन बेल्टच म्हणते. मी मोठ्या ऐटीत बॉनेट उघडले आणि पूर्वी फियाट असताना करीत असे तो उपाय केला. इंजिन बंद ठेवून पट्ट्यावर कपड्याचा साबण चोळला. आवाज कमी झाला असे मला वाटले. सौ.ना वाटले नाही.

चिरनेर हे सौ.चे माहेर. १९३० साली २५ सप्टेंबरला तिथे जंगल सत्याग्रह झाला. आक्कादेवीच्या डोंगरावर लोक जमले, गोळीबार झाला आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, आदिवासी त्यात बळी पडले. त्या दिवशी हुतात्म्यांना वंदन करायला जायचे आणि मग महागणपतीचे दर्शन घ्यायचे, हा आमच्या घरचा परिपाठ. पूर्वी पनवेलवरून वळसा घालून जात असू. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून सरळ समुद्रावरूनच जातो. पूल सुमारे २२ किलोमीटर लांब, आणि वाटेत गाडी उभी करायची मुभा नाही. हे मुद्दाम सांगतो, पुढे त्याचा संबंध आहे.

सेतू उतरलो, कंटेनरच्या गाड्यांतून वाट काढीत चिरनेरला पोचलो, तेव्हा ‘घर्रर्र’ची ‘घरघर’ झाली होती. मेहुण्यांनी गावातल्या मिस्त्रीला बोलावले. पोरगा जेमतेम तिशीचा, हाताला ग्रीस, बोलणे थोडके.

“काका, आवाज गाडी पळताना येतो की उभी असतानाही?”

“उभी असतानाही.”

त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूच रेस केली. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर आवाज चढला आणि उतरला. “म्हणजे चाकाचं काही नाही, इंजिनाचंच आहे.” पहिला निकाल लागला.

मग त्याने चालत्या फॅन बेल्टवर दुरूनच पाण्याचे चार थेंब टाकले. पट्टा घसरून किंचाळत असेल तर पाणी पडताच आवाज क्षणभर तरी बदलतो. बदलला नाही. इंजिन बंद करून त्याने तो पट्टाच काढून ठेवला आणि जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवले. अधिक नाही, कारण त्या पट्ट्याविना पाण्याचा पंपही बंद असतो. डायनामो थांबला, पंप थांबला, पण घरघर तशीच! माझे तोंड साबणासारखे पांढरे झाले.

शेवटी त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या कडेला न फिरणाऱ्या भागावर टेकवले आणि मुठीला कान लावला. डॉक्टर नळी लावतात तसेच. “ऐका,” म्हणाला. मी ऐकले. जाते आत होते, प्लॅस्टिकच्या झाकणामागे.

त्या झाकणामागे राहतो टायमिंग बेल्ट. वाचकांपैकी ज्यांनी त्याचे दर्शन घेतलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पिस्टनमुळे फिरणारा क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा वरच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरा घेतो. हे गणित दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा आणि कॅम २५ वेळा फिरतो, आणि एवढ्या धांदलीत एक दातसुद्धा चुकून चालत नाही. आमच्या फियाटला, तशीच अँबॅसडरला, याच कामासाठी लोखंडी साखळी असे. तेलात न्हालेली साखळी सैल झाली की खडखडते, तक्रार करते. रबरी पट्ट्याची चाल जर्मनीच्या ग्लास कारखान्याने १९६२ साली विक्रीच्या मोटारीत आणली, आणि आपल्याकडे १९८३ अखेर आलेल्या मारुती ८०० बरोबर ती घरोघर पोचली. पट्टा हलका, चालायला शांत. आणि तीच त्याची गोम!

मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, झाकण काढले. पट्ट्याला ताण देणारी कप्पी, जिला टेन्शनर म्हणतात, ती हाताने फिरवून दाखवली. आतले ग्रीस वाळले होते. वाळू भरल्यासारखी ती करकरत होती. आवाज तिचा होता. मग त्याने पट्टा उलटा वाकवला. दातांच्या बुडाशी बारीक चिरा, पाठ काचेसारखी गुळगुळीत, आणि एका कडेला तेलाचा ओलावा. कॅमचे सील गळत होते, आणि तेल म्हणजे रबराचा वैरी.

“काका, पट्टा कधी बदलला होता?”

मी गप्प. फियाटला असला पट्टा नव्हता, तेव्हा ही गाडी घेतल्यापासून तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. गाडीसोबतचे पुस्तक काढले. मुदत किलोमीटरने आणि वर्षांनी, दोन्हींनी उलटून गेलेली!

“हा तुटायला आला होता, पण याने तोंड उघडलं नाही,” मिस्त्री म्हणाला. “ओरडली ती शेजारची कप्पी. ती ओरडली म्हणून वाचलात.”

पट्टा तुटला की पिस्टन चालतात आणि झडपा जागच्या जागी थबकतात. काही इंजिनांत दोघांमध्ये मोकळी जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. अनेक इंजिनांत नसते. तिथे पिस्टन झडपांवर आदळून इंजिनाचे वाटोळे होते. दोन्ही प्रकारांत गाडी मात्र तत्क्षणी थांबते. मला तो २२ किलोमीटरचा पूल आठवला, मागून धावणाऱ्या गाड्या आठवल्या आणि मागच्या आसनावर झोपलेली नात आठवली.

पनवेलहून सामान येईस्तोवर दुपार झाली. नवा पट्टा, नवी कप्पी, नवी सील. पोराने पट्टा दुमडू दिला नाही, खुणा खुणांशी जुळवल्या, प्लग काढून पान्याने इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवले आणि खुणा पुन्हा तपासल्या. मगच किल्ली दिली. ताण बेताचाच, म्हणाला. जास्त झाला तर पट्टा कुईकुई करतो, कमी झाला तर झाकणावर फटफट आपटतो.

तेव्हा दिवाळीत गावी निघण्याआधी एवढे करा. आपल्या गाडीला पट्टा आहे की साखळी हे विचारा. आजकाल पुष्कळ गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे. पट्टा असेल तर पुस्तकात मुदत पाहा. गाडीगाडीत फरक असतो, पण साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर, किंवा चार-पाच वर्षे, यांत जे आधी येईल ते धरावे. पट्टा बदलताना कप्पीही बदलावी. आवाज येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आणि चालत्या इंजिनाजवळ बाह्या, पदर, टाय घेऊन वाकू नये.

त्या पोराने तारीख आणि किलोमीटरचा आकडा कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवला. मुंबईला आल्यावर मी तो कौतुकाने पाहायला गेलो, तर खाली सौ.च्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढलेली होती:

“साबण मोरीतच ठेवावा.”