दिव्यांग लेकरांच्या खर्चाचा हिशेब

ऐकू न येणारे, नीट चालता न येणारे किंवा समज उशिरा येणारे एखादे लेकरू प्रत्येक वस्तीत असते. त्याच्यासाठी सरकार किती पैसा मंजूर करते, हे त्याच्या आईला कोणी सांगितले आहे काय?

२०१८ साली सुरू झालेल्या 'समग्र शिक्षा' योजनेत अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरण्यात आली. ती साहित्य, उपकरणे, प्रवासभत्ता, मदतनीस यांसाठी. मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातून १० महिने, थेट बँक खात्यात द्यायचे ठरले. पण खाते उघडून द्यायला कोण धावपळ करणार?

हिशेब छापलाच जात नाही, असे नाही. केंद्र सरकार राज्याच्या आराखड्याला मंजुरी देते, त्या बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध होते. मात्र ते इंग्रजीत, लाखांच्या आकड्यांत आणि साऱ्या राज्याचे मिळून! हमाली करणाऱ्या बापाने त्यात आपल्या पोराची कुबडी कुठे शोधायची? शिवाय मंजूर झालेला पैसा म्हणजे खर्च झालेला पैसा नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अनुदानाच्या वापरावर तिने लक्ष ठेवावे, असे कलम २१ सांगते. तेव्हा सभेत नुसती सही करून उठू नका, विचारा. अर्थात तपासणी शिबिरे आणि उपकरणे बहुधा तालुका-जिल्ह्यावरून येतात. "आमच्याकडे आकडा नाही," असे मुख्याध्यापक म्हणाले तर ते खरेही असेल.

अशा वेळी पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. शहरात तो पालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाईल. विचारायचे एवढेच: गेल्या वर्षी अशी मुले किती, मंजूर रक्कम किती, खर्च किती आणि कशावर? मुलांची नावे मागू नयेत, फळ्यावर तर मुळीच लावू देऊ नयेत. "याच्यावरच सगळा खर्च" असा टोमणा त्या लेकराला वर्गात ऐकावा लागेल. आकडा शाळेचा, तालुक्याचा हवा.

अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दाखला जोडल्यास तेही लागत नाही. पोच घ्यायला विसरू नये, कारण ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिल्या अपिलाला तीच जोडावी लागते.