विमानाचे अंतर आणि परभणीचा प्रवासी

मुंबईस विमानाने जाण्यास किती वेळ लागतो, असा प्रश्न परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथील कोणत्याही तिकीट-कचेरीत केला असता, नांदेड ते मुंबई सुमारे ४७० किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास, असे उत्तर तत्काळ मिळते; आणि त्यातील एकही आकडा खोटा ठरविता येत नाही. आमचा आक्षेप इतकाच की, ज्या गृहस्थास हे आकडे सांगितले जातात त्याचा प्रवास नांदेडच्या धावपट्टीवर सुरू होत नसून जिंतूरच्या किंवा सोनपेठच्या घरातून सुरू होतो, याचे भान आपल्या व्यवसायबंधूंस क्वचितच राहते.

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. परभणीहून नांदेड सत्तरेक किलोमीटर पूर्वेस आणि मुंबई पश्चिमेस. शिवाय नांदेड व मुंबई येथील विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढून पाहिली, तर ती परभणी शहराच्या दक्षिणेस अवघ्या दहाएक किलोमीटरांवरून जाते असे आढळेल. म्हणजे मुंबईकडे पाठ करून दीड-दोन तास रस्ता तुडवावयाचा, आणि मग भाडे मोजून आपल्याच शिवारावरून माघारी उडत यावयाचे, असा हा मामला आहे!

उड्डाणाच्या वेळेचेही तसेच. ताशी आठशे किलोमीटर जाणाऱ्या जेट विमानास ४७० किलोमीटरांकरिता पस्तीस मिनिटे पुरावीत, असा त्रैराशिकाचा हिशोब. परंतु वेळापत्रकातील वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत धरलेली असते, आणि तीत चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी हे सारे येते. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्याने एका वेळी एकीचाच उपयोग होतो, सबब आकाशात घिरट्या घालणे हेही नशिबी येते. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो खरा, पण एवढ्या अंतरात त्याचा फरक काही मिनिटांचाच. यात विमानतळावर तासभर आधी हजर राहणे, सामान घेणे आणि मुंबईतील रहदारी मिळविली, की जिंतूरकराचे सव्वा तासाचे सहा-सात तास सहज होतात. रात्री परभणीस देवगिरी एक्सप्रेसमध्ये निजलेला मनुष्य सकाळी मुंबईस उतरतो. तास अधिक, परंतु त्याचा कामाचा दिवस खर्ची पडत नाही.

हैदराबादची गोष्ट निराळी. ते आग्नेयेस असल्याने नांदेड वाटेवरच पडते, आणि तेथून सरळ अंतर अडीचशे किलोमीटरांहून कमी. मात्र उडान योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेली नांदेड-हैदराबाद सेवा पुढे खंडित झाली होती, हे स्मरणात ठेवून परतीची पर्यायी तजवीज आधीच करावी. मुंबईकरिता सेलू-मानवतच्या प्रवाशास छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा सुचवून पाहावे. रस्ता लांबचा, पण उलटा नाही, आणि पुढील उड्डाणही २८० किलोमीटरांचेच.

तेव्हा आमची विनंती अशी की, प्रत्येक प्रवासपत्रिकेवर विमानतळांमधील अंतराखाली प्रवाशाच्या गावापासून मुक्कामापर्यंतचा एकूण वेळ स्वतंत्र रकान्यात लिहावा, मुंबईत आता दोन विमानतळ असल्याने त्यांपैकी कोणता हे स्पष्ट नमूद करावे, आणि रेल्वे सोयीची असेल तेथे, आपली दलाली बुडत असली तरी, तसे सांगावे.