बाहुलीच्या भुवया



२०१६ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन या गावी एका पोलीस अधिकाऱ्याला बंद मोटारीत निपचित पडलेले एक तान्हे मूल दिसले. त्याने तत्काळ मोटारीची काच फोडली, मुलाला बाहेर काढले आणि त्याचे प्राण वाचविण्याची खटपट सुरू केली. तेव्हा कोठे त्याच्या ध्यानी आले की, हे मूल नसून बाहुली आहे!

या बाहुल्यांना ‘रीबॉर्न’, म्हणजे पुन्हा जन्मलेल्या, असे म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही हौशी कारागिरांनी दुकानातील साध्या व्हिनाइलच्या बाहुल्यांचा कारखान्यातला रंग काढून टाकून त्यांना नव्याने रंगविण्यास आरंभ केला. पुढे कोरी, न रंगविलेली शिरे व हातपायच विकत मिळू लागले. त्यांवर रंगाचे पातळ थर चढवून त्वचेची लाली व निळसर शिरा दाखवितात, मोहेर लोकरीचा एकेक तंतू सुईने रोवून जावळ करतात आणि अंगात काचेचे बारीक मणी भरून खऱ्या बाळाचे वजन आणतात. ही सारी कामे कष्टाची खरी. पण हात कापतो तो भुवयांपाशी.

भुवई म्हणजे चेहऱ्यावरील एक किरकोळ रेघ, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी नामवंत व्यक्तींच्या काही छायाचित्रांतून डोळे पुसले, काहींतून भुवया पुसल्या आणि ती लोकांना ओळखावयास सांगितली. डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक कठीण गेले! राग, आश्चर्य, चिंता हे सारे भाव भुवई बोलून दाखविते. म्हणूनच ती चुकली की बाकीचे रंगकाम कितीही सुबक असले, तरी व्यर्थ जाते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून घडलेली चूक सांगते.

इंदूरला माझ्या आत्याबाई असतात. वय ऐंशीच्या पुढे. गेली काही वर्षे त्यांना विस्मरणाच्या विकाराने ग्रासले आहे. संध्याकाळ झाली की त्या अस्वस्थ होतात, उशी छातीशी धरून तिला थोपटत बसतात. अशा रुग्णांना बाहुली दिल्याने काहींना समाधान लाभते, असा पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांचा अनुभव आहे. वृद्धांना असे पोरखेळात गुंतविणे त्यांच्या मानाला साजेसे नाही, असे म्हणणारेही आहेत. आम्ही त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, “समोर ठेवून पाहा. बळजबरी करू नका.”

मी कोरे शीर व रंग मागविले. महिनाभर रात्री जागून बाहुली केली आणि शेवटी मोठ्या डौलाने भुवया काढल्या : कमानदार, काळ्याभोर, टोकाला निमुळत्या. ओव्हनमध्ये रंग पक्का केला आणि इंदूरची गाडी धरली.

आत्याबाईंनी बाहुली हातांत घेतली, तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले आणि ती मला परत दिली. म्हणाल्या, “हे रागावलंय गं. त्याच्या आईकडे दे.”

परतीच्या प्रवासात मी त्या बाहुलीकडे पुन्हा पाहिले. आत्याबाईंचे खरे होते. मी तान्ह्या बाळाच्या कपाळावर मोठ्या बाईच्या भुवया काढल्या होत्या. रोज आरशात पाहून मी काढते, त्याच! पेन्सिल हाती आली की हात सवयीच्या वळणाने जातो, डोळ्यांना विचारीत नाही.

दिल्लीस परतल्यावर मी शेजारच्या बिऱ्हाडातील वीस दिवसांचे बाळ पाहावयास गेले. दोन हातांवरून मला त्याच्या भुवया दिसल्याच नाहीत. अगदी जवळ जाऊन, खिडकीच्या उजेडात निरखले, तेव्हा पिकल्या पीचवरील लवेसारखे काही केस दिसले. कमान नव्हती, कडाही नव्हती. नाकाकडील केस जवळजवळ उभे, मधले बाहेरच्या बाजूस कललेले आणि शेपटाकडे वरचे केस खाली व खालचे वर झुकून एकमेकांस भेटलेले. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर होती. गर्भ सुमारे पाच महिन्यांचा होतो, तेव्हाच या भुवया उमटू लागतात; मात्र जन्माच्या वेळीही त्या बहुधा अशाच फिकट व विरळ असतात.

मग मी दुसरे शीर मागविले. या खेपेस जे केले, ते ज्यांना ही कला हाती घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

प्रथम जागा ठरवावी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर सरळ उभा दोरा धरला की भुवईचा आरंभ साधारण कळतो. तेथे पुसता येणाऱ्या पेन्सिलीने फिकट ठिपके द्यावेत. मग शीर उलटे धरून किंवा आरशात पाहून दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. नेहमीच्या दृष्टीला न दिसणारा वाकडेपणा उलट्या चेहऱ्यात चटकन दिसतो. मात्र दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या करू नयेत. ती छापील बाहुलीची खूण होय.

रंग शुद्ध काळा कधीही घेऊ नये. आपल्याकडील काळ्या जावळाच्या बाळासही गडद तपकिरी पुरतो. तो द्रावकाने शाईइतका पातळ करावा. कुंचला १०/० क्रमांकाचा किंवा त्याहूनही बारीक असावा. केसाच्या मुळाशी टोक टेकवावे आणि वाढीच्या दिशेने हलकेच उचलीत न्यावे, म्हणजे रेघ आपोआप निमुळती होते. पहिला थर इतका फिका द्यावा की तो दिला की नाही, अशी शंका यावी. तो पक्का केल्यावरच दुसरा, किंचित गडद आणि अधिक विरळ थर द्यावा. शेवटी चकाकी मारणारे वार्निश लावावे, कारण चमकणारी भुवई ओली दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उष्णतेने पक्के होणारे तैलरंग वापरल्यास ते ओव्हनमध्ये जाईपर्यंत सुकत नाहीत. सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णता आठ-दहा मिनिटे लागली की ते कायमचे बसतात. तोपर्यंत कापसाची काडी द्रावकात बुडवून चुकलेला केस पुसून टाकता येतो, दहा वेळा चुकले तरी दहा वेळा. माझ्या पहिल्या बाहुलीचा घात झाला, तो भुवई चुकल्यामुळे नव्हे. ती रात्रभर ठेवून सकाळच्या उजेडात पाहण्याचा धीर मला नव्हता म्हणून.

ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. या कामाला वेगळा ठेवावा आणि खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात. आत काचेचे मणी असल्यामुळे ही बाहुली लहान मुलांच्या हाती खेळावयास देऊ नये, हेही ध्यानात असावे.

दुसरी बाहुली घेऊन मी पुन्हा इंदूरला गेले. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे ती नुसती पलंगावर ठेवली. हे बाळ आहे असेही म्हटले नाही आणि बाहुली आहे असेही म्हटले नाही. दिवेलागणीला आत्याबाई अस्वस्थ होऊन उठल्या, आणि त्यांची नजर तिच्याकडे गेली. त्यांनी तिला उचलले, मान हातावर नीट सावरली आणि पदराच्या टोकाने तिचे तोंड पुसले. बराच वेळ त्या तिच्याकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून जरा रागानेच म्हणाल्या, “अगं, उघड्या कपाळाने काय ठेवलंस याला? दृष्ट लागेल.”

देवघराशेजारच्या फळीवर काजळाची डबी होती. त्यांनी तीत बोट बुडविले आणि बाहुलीच्या कपाळावर, डाव्या भुवईला लागूनच, ठसठशीत तीट लावली. त्यांचा हात थरथरत असल्यामुळे काजळ भुवईवर पसरले. पंधरा दिवस एकेक केस मोजून काढलेली ती भुवई त्याखाली पार दिसेनाशी झाली.

कापसाची काडी माझ्या पिशवीत होती. मी ती बाहेर काढली नाही.