घड्याळ तेच, उमेदवार दुसरा!

दोस्तांनो, पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने तुम्ही कधी गेला असाल, तर दौंड स्टेशनची एक गंमत तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आईबाबांना विचारा. गाडी दौंडला थांबायची, पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या बाजूने निघायची. खिडकीशी पुढे तोंड करून बसलेला माणूस आता पाठमोरा प्रवास करू लागायचा. बिचारा जागचा हललेलाही नसायचा! (आता दौंडला न शिरता जाणारी कॉर्ड लाइन झाली आहे, त्यामुळे बऱ्याच गाड्यांची ही कसरत वाचली.)

ही गंमत आठवली ती जनमत चाचण्यांमुळे. लोकसभेची निवडणूक जवळ आली, की टीव्हीवर रंगीत तक्ते नाचू लागतात. 'अमक्या पक्षाचे मतदार तमक्या पक्षाकडे वळले' असं कुणीतरी ठासून सांगतं. पण वळलं कोण? प्रवासी की इंजिन?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. इकडे ऊस, तिकडेही ऊस. पण लोकसभेला दौंडचे लोक बारामती मतदारसंघात मत देतात, आणि शिरूरचा मतदारसंघ वेगळा. तो २००८ सालच्या फेररचनेत तयार झाला. त्याआधी खेड नावाचा मतदारसंघ होता.

आता शिरूरची गोष्ट ऐका. नीट लक्ष द्या हं, नाहीतर घोटाळा होईल. शिवाजीराव आढळराव पाटील २००४ साली खेडमधून आणि २००९ व २०१४ साली शिरूरमधून निवडून आले. तिन्ही वेळा शिवसेनेकडून, चिन्ह धनुष्यबाण. २०१९ साली त्यांच्यासमोर उभे राहिले डॉ. अमोल कोल्हे, मालिकेत संभाजी महाराजांची भूमिका करणारे. कोल्हेही आधी शिवसेनेतच होते! निवडणुकीच्या तोंडावर ते राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, घड्याळ चिन्हावर लढले आणि ५८ हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

मग २०२२ साली शिवसेना फुटली आणि २०२३ साली राष्ट्रवादी. निवडणूक आयोगाने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. शरद पवारांच्या गटाला नवं चिन्ह मिळालं, तुतारी वाजवणारा माणूस. कोल्हे शरद पवारांकडे राहिले. आणि आढळराव? ते २०२४ च्या मार्चमध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले. (२००४ पूर्वी ते राष्ट्रवादीतच होते, म्हणजे वीस वर्षांनी घरी परतले म्हणायचं.) झालं! ज्या घड्याळाने २०१९ साली आढळरावांना हरवलं, तेच घड्याळ २०२४ साली त्यांच्या नावापुढे होतं.

आता मला सांगा, शिरूरच्या दोन आजी आहेत असं समजू. एकीने दोन्ही वेळा घड्याळाचंच बटण दाबलं. दुसरीने दोन्ही वेळा कोल्ह्यांनाच मत दिलं. पहिलीने उमेदवार बदलला, दुसरीने चिन्ह बदललं. मग पक्की कोण आणि बदलली कोण? दोघीही म्हणणार, 'अगं बाई, मी कुठे बदलले?' आणि दोघींचंही खरंच आहे. चाचणीवाला मात्र वहीत एकीपुढे 'एकनिष्ठ' लिहिणार आणि दुसरीपुढे 'पक्ष बदलला'. कुणापुढे काय लिहिणार, हे त्याने प्रश्न कसा विचारला यावर ठरणार.

पुढारी असे सहज कसे जातात-येतात, हा प्रश्न तुमच्यातल्या हुशारांना पडला असेल. पक्षांतरबंदी कायदा आहे, १९८५ सालचा. पण तो निवडून आलेल्या सभासदांसाठी. निवडणुकीआधी पक्ष सोडून दुसऱ्याचं तिकीट घ्यायला कुणालाही आडकाठी नाही.

बरं, चाचणी घेतात कशी? शितावरून भाताची परीक्षा! शिरूर मतदारसंघात सुमारे २५ लाख मतदार. सगळ्यांना कोण विचारणार? म्हणून हजार-दोन हजारांना विचारतात. भांडं केवढं मोठं आहे याने फारसा फरक पडत नाही, आमटी नीट ढवळलेली असली की एका चमच्यावरून मिठाचा अंदाज येतो. ढवळलेली नसली तर मात्र डाव भरून चाखलीत तरी उपयोग नाही. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त लोकांची उत्तरं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले! साप्ताहिकाने बरीचशी नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या काळात या वस्तू असायच्या कुणाकडे? खाऊनपिऊन सुखी असलेल्यांकडे.

उसाच्या गावातली मुलं हे झटकन समजतील. तोड येण्याआधी कारखान्याच्या शेतकी खात्याची माणसं ऊस पिकला का ते बघायला येतात. चार कांड्या तोडून रसाचा थेंब छोट्या यंत्रात घालतात आणि गोडी मोजतात. पण ती चार कांडी बांधाकडेच्याच उसाची घेतली तर? किंवा नुसती शेंड्याची? बुडखा गोड आणि शेंडा अळणी, हे ऊस सोलून खाल्लेल्या कुणालाही माहीत आहे. शिरूर मतदारसंघाचंही तसंच. त्यात जुन्नर आणि आंबेगावचे डोंगर आहेत, खेड-आळंदी आहे, शिरूरचा बागायती आणि जिरायती भाग आहे, भोसरीचे कारखाने आहेत आणि हडपसरच्या उंच इमारतीही आहेत. नुसत्या हडपसरला विचारून शिरूर सांगणं म्हणजे शेंडा चाखून सगळ्या फडाचा हिशेब करणं.

एवढं करून फड सगळीकडून चाखला, तरी एक अडचण उरतेच. आणि मला वाटतं सगळ्यांत अवघड तीच. ऊस खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

रागावू नका, कारणं ऐका. एक अनोळखी माणूस दारात वही घेऊन उभा आहे. पारावर चार जण बसलेत आणि त्यांचे कान इकडेच. तुमच्या आजोबांचा ऊस ज्या कारखान्यात जातो, दूध ज्या डेअरीत जातं, कर्ज ज्या सोसायटीचं आहे, तिथले संचालक कुठल्या ना कुठल्या पक्षाचे असतात. आजोबा का म्हणून मनातलं सांगतील? ते म्हणतील, 'अजून ठरवलं नाही बघा.' किंवा गावात ज्याचा जोर आहे त्याचं नाव घेऊन मोकळे होतील. याला मी लबाडी म्हणणार नाही. आपल्या कायद्याने मत गुप्त ठेवलंय ते याचसाठी. मतदान यंत्राभोवतीचा तो पुठ्ठ्याचा आडोसा मोठ्या कामाचा आहे. तेव्हा शेजारच्या काकांनी 'काय रे, बाबा यंदा कुणाला?' असं विचारलं, तर 'मला काय माहीत' म्हणून खुशाल खेळायला पळा.

२०२४ च्या निकालाकडे या. शिरूरला १३ मे रोजी मतदान झालं. कोल्ह्यांना ६,९८,६९२ मतं मिळाली, आढळरावांना ५,५७,७४१. फरक १ लाख ४० हजारांच्या वर. आता २०१९ चे आकडे शेजारी ठेवा. तेव्हा आढळरावांना ५,७७,३४७ मतं होती. पक्ष बदलला, चिन्ह बदललं आणि मतं घटली ती सुमारे २० हजार! मग त्यांचे सगळे मतदार त्यांच्याबरोबर आले म्हणायचं का? थांबा, घाई नको. पुन्हा दौंड स्टेशनवर जाऊ. डब्यात सत्तर माणसं आहेत. दौंडला तीस उतरली, तीस चढली. डब्यात माणसं सत्तरच, पण ती तीच आहेत का? बेरीज सारखी आली म्हणजे माणसं तीच असं नव्हे. किती उतरले, किती चढले हे त्या आकड्यातून कळतच नाही.

दौंडचा एक आकडा तर मला फारच आवडतो. लोकसभेचा नाही, २०१९ च्या विधानसभेचा. राहुल कुल २०१४ साली राष्ट्रीय समाज पक्षाकडून आमदार झाले होते, २०१९ साली भाजपकडून उभे राहिले. समोर घड्याळावर रमेश थोरात, जे २००९ साली अपक्ष म्हणून जिंकले होते. दोघांची मिळून दोन लाखांहून जास्त मतं, आणि कुल जिंकले ७४६ मतांनी! त्यांच्या मतदारांपैकी हजार जणांना आदल्या दिवशी विचारलं असतं आणि सगळे अगदी खरं बोलले असते, तर हिशेब साधारण ५०२ विरुद्ध ४९८ यायला हवा. आणि हजार जणांच्या चाचणीत तीनेक टक्के इकडे-तिकडे होणं हे तर ठरलेलंच. म्हणजे ही लढत कुठल्याच चाचणीच्या डोळ्यांना दिसली नसती.

मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारतात ती 'एक्झिट पोल', मतदानोत्तर चाचणी. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत ती जाहीर करायला बंदी आहे. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक संस्थांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या. ४ जूनला मिळाल्या २९३. एका संस्थेचे प्रमुख टीव्हीवर सगळ्यांदेखत रडले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण निदान त्यांनी चूक लपवली नाही.

या आठवड्याचा उद्योग. वर्गात एक साधा प्रश्न विचारा: 'सहलीला कुठे जायचं, समुद्रावर की किल्ल्यावर?' आधी सगळ्यांसमोर हात वर करायला सांगा आणि मोजा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न चिठ्ठ्यांवर विचारा, नाव न लिहिता. दोन्ही आकडे आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. वर्गातला दांडगोबा कुठल्या बाजूला होता, तेही लिहा.