दुखत नाही? मग जास्त जपा!

मैत्रिणींनो, घरातलं मधुमेहाचं माणूस "पायाला जरासं लागलंय, पण दुखत नाही हो!" असं म्हणालं, तर निर्धास्त होऊ नका. खरी काळजी तिथंच आहे.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून पोचतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की रक्तवाहिन्या खराब होऊन अरुंद होतात. नळाला दाब कमी असला की शेवटच्या घरी पाणी पोचत नाही ना, तशीच पायाच्या बोटांची गत होते. साखरेने आणि प्राणवायूच्या टंचाईने नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही. अन् पुरेसा प्राणवायू नाही, म्हणून ती लवकर भरतही नाही.

एरवी प्राणवायू कमी पडला की पेशी ते ओळखतात आणि आपली तजवीज करतात. ते कसं, हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. वाढलेल्या साखरेने पेशींची ही तजवीजही ढिली पडते.

म्हणून घरात एवढं पाळाच :

१. रोज रात्री उजेडात पाय बघा. बोटांच्या बेचक्या, टाचा, सगळं. तळव्याखाली आरसा धरला की स्वतःलाही दिसतं.

२. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या करा. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको.

३. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

४. घरातही चप्पल घाला. कुरूप ब्लेडने कापू नका.

५. तंबाखू, बिडी, मिश्री बंद! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात.

६. फोड, काळपटपणा किंवा न भरणारी जखम दिसली, तर हळद लावून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळ्यांचंही असंच. प्राणवायू कमी पडला की डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. दुखत काहीच नाही! तेव्हा स्वच्छ दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.

आणि हो, सासूबाईंचे पाय बघाल, यांचेही बघाल. पण साखर तुम्हालाच असेल तर? सगळ्यांचं आवरून झाल्यावर स्वतःच्या पायांसाठी पाच मिनिटं बसा. तेही घरातलंच काम आहे!