मोजमापाविना औषध

एखादे नवे औषध मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले, की ते बाजूला सारले जाते. परंतु दोष औषधाचा होता, की ते भलत्याच रुग्णांना दिले गेले, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. कर्करोगाच्या गाठीतील प्राणवायूच्या अभावावर गेल्या सत्तर वर्षांत झालेले संशोधन या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

गाठीतील पेशी भराभर वाढतात. रक्तवाहिन्यांचे जाळे त्या मानाने तोकडे आणि वेडेवाकडे राहते. त्यामुळे रक्तवाहिनीपासून ०.२ मिलिमीटर अंतराच्या आतच प्राणवायू संपतो. ब्रिटनमधील थॉमलिन्सन व ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी तपासून हा निष्कर्ष मांडला. त्याचे महत्त्व मोठे होते. कारण प्राणवायूविना तग धरलेल्या पेशी मारण्यास किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. गाठ विरघळली असे वाटावे आणि तिच्या पोटात दडलेल्या मूठभर पेशींनी रोग पुन्हा उभा करावा, असे त्यामुळे घडू शकते.

यावर उपाय सुचले नाहीत असे नाही. रुग्णांना वाढीव दाबाच्या प्राणवायूच्या कोठीत ठेवून किरणोपचार देण्यात आले. पुढे प्राणवायूचे काम करू शकणारी औषधे आली. त्यांपैकी मिसोनिडाझोल मज्जातंतूंना बाधक ठरले. टिरापाझामाइन हे प्राणवायू नसलेल्या पेशीच मारणारे औषध. त्याच्या ८६१ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात लाभ आढळला नाही. मात्र या रुग्णांच्या गाठीत प्राणवायूचा अभाव आहे की नाही, हे पाहून त्यांची निवड झालीच नव्हती. याच औषधाच्या आधीच्या एका चाचणीतील ४५ रुग्णांच्या गाठींची खास प्रतिमा घेण्यात आली होती. प्राणवायूचा अभाव असलेल्यांना औषधाचा उपयोग झाल्याचे त्यात दिसले होते. हा संकेत मोठ्या चाचणीत दुर्लक्षिला गेला, असेच म्हणावे लागेल.

म्हणूनच जैविक निदर्शकांचे संशोधन हे दुय्यम काम नव्हे. प्राणवायू कमी पडताच पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन साठते आणि ते शेकडो जनुकांना जागे करते. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागी झालेली हीच जनुके गाठीतील अभावाची खूण पटवितात. डेन्मार्कमध्ये निमोराझोल या औषधाच्या चाचणीतील जपून ठेवलेले नमुने १५ जनुकांच्या संचाने पुन्हा तपासले गेले, तेव्हा औषधाचा लाभ प्राणवायूचा अभाव असलेल्या गाठींपुरताच असल्याचे दिसून आले.

तथापि, निदर्शक सापडला म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एकाच गाठीचा एक भाग गुदमरलेला, तर दुसरा सुस्थितीत असतो. सुईने काढलेला कण संपूर्ण गाठीची साक्ष देईलच असे नाही. ब्रिटनमधील निमरॅड चाचणीत असाच एक जनुकसंच वापरण्यात आला. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, ज्यांच्या गाठीत अभाव दिसला त्या रुग्णांनाही निमोराझोलचा लाभ झालेला नव्हता. याचा अर्थ मोजमाप सोडून द्यावे असा नव्हे; निदर्शकाचीही औषधाइतकीच कठोर परीक्षा व्हावी, हा खरा धडा आहे.

भारताला या प्रश्नाकडे परकीय कुतूहल म्हणून पाहता येणार नाही. प्राणवायूच्या अभावाचा ज्या कर्करोगांत सर्वाधिक अभ्यास झाला, ते डोके-मानेचे व गर्भाशयमुखाचे कर्करोग या देशात फार मोठ्या संख्येने आढळतात, आणि त्यांतील असंख्य रुग्णांची भिस्त किरणोपचारांवरच असते. आठवड्यांमागून आठवडे किरणोपचार घेत तोंड सोलवटलेल्या, घास गिळणे अशक्य झालेल्या रुग्णाला आणखी एक औषध द्यायचे, तर त्याच्या गाठीला त्याची गरज आहे काय, हे आधी पाहणे एवढा त्याचा हक्क खचितच आहे. नव्या औषधाचा गाजावाजा होतो. त्याची गरज कोणाला, हे ठरविणारी कसोटी उपेक्षित राहते. हा क्रम उलटला पाहिजे.