डायनासोर कोणास म्हणावे?

मुलांसाठी आणलेल्या खेळण्यांच्या पाकिटावर ‘डायनासोर’ असे छापलेले असते. परंतु आतील सर्वच प्राणी त्या नावाचे अधिकारी नसतात. आकाशात उडणारा टेरोसॉर, समुद्रात पोहणारा प्लेसिओसॉर आणि पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन हे डायनासोर नव्हेत. डायमेट्रोडॉन तर सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याच कुळाला अधिक जवळचा.

मग खरी ओळख कोणती? प्रचंड आकार ही नव्हे; काही डायनासोर कावळ्याएवढेच होते. ओळख आहे कमरेच्या हाडांत. सरड्याचे पाय देहाच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असतात. डायनासोरचे पाय खांबांप्रमाणे सरळ देहाखाली असत. मांडीचे हाड ज्या खोबणीत बसे, ती आरपार उघडी असे. १८४२ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तीन प्राण्यांच्या अवशेषांवरून या गटास ‘भयंकर सरडा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. नावात सरडा आला, तरी हा प्राणी सरडा नव्हता.

कमरेतील तशीच उघडी खोबण आज पक्ष्यांत आढळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशातून वाचलेली डायनासोरांची शाखा म्हणजेच पक्षी. म्हणून ‘डायनासोर नामशेष झाले’ असे मुलांना सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आपण सकाळी घातलेले दाणे टिपणाऱ्या कबुतराकडे बोट दाखवावे.